बातमीतला वाण दुकानात कधी येतो?

जून उजाडला की जिल्हा पुरवण्यांमध्ये दोन बातम्या हमखास दिसतात. पहिली कृषी विद्यापीठाची असते: सोयाबीनचा अमुक नवा वाण प्रसारित, रोगाला प्रतिकारक, तुल्य वाणापेक्षा इतके टक्के जास्त उत्पादन. दुसरी कृषी महाविद्यालयाची. तिच्यात फोटो असतो. गावातल्या पारावर किंवा शाळेच्या पडवीत पांढरा ॲप्रन घातलेल्या मुली बियाणं चोळतायत, भोवती पाच-सात शेतकरी उभे, आणि खाली ओळ असते: 'कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक'.

पहिली बातमी वाचून शेतकरी कृषी सेवा केंद्रात जातो आणि नव्या वाणाची बॅग मागतो. दुकानदार मान हलवतो. पुढच्या वर्षीही बहुतेक तेच उत्तर मिळतं. मग पेपरात छापलं ते काय? विद्यापीठाने वाण तयार केला असेल तर तो गेला कुठं? आणि त्या दुसऱ्या बातमीतल्या पोरापोरींना गोणपाट आणि बादली घेऊन गावात कशाला पाठवतात?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच साखळीत आहे. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. त्या प्रत्येकाची कामं तीन: शिक्षण, संशोधन आणि विस्तार शिक्षण, म्हणजे शोधलेलं बांधापर्यंत नेणं. बातम्या सुट्या छापल्या जातात, म्हणून कामंही सुटी वाटतात. एखादा वाण सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहिला की तिन्ही कामांची जागा कळते. उदाहरणाला सोयाबीन घेऊ, कारण ते राज्यात अलीकडे जवळपास ५० लाख हेक्टरांवर पेरलं जातं आणि बियाण्याच्या सर्वात जास्त तक्रारीही त्याच्याच असतात.

चिमटा, दोरा आणि जांभळं फूल

सोयाबीनचं फूल जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं असतं. त्यातच नर आणि मादी, दोन्ही भाग असतात आणि फूल उमलण्याच्या सुमारास त्याचा पराग त्याच्याच मादी भागावर पडून मोकळा झालेला असतो. याला स्वपरागीभवन म्हणतात. शेतकऱ्याच्या सोयीची ही गोष्ट आहे, कारण शेजारच्या शेतातल्या वाणाशी सहसा सरमिसळ होत नाही. पण नवा वाण काढणाऱ्याला, म्हणजे पैदासकाराला, हाच स्वभाव आडवा येतो. त्याला एका वाणाचा लवकर पक्व होण्याचा गुण आणि दुसऱ्याचा रोग सोसण्याचा गुण एकत्र आणायचा असतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी उमलणार अशी कळी शोधायची, बारीक चिमट्याने तिच्या पाकळ्या आणि आतले दहा पुंकेसर काढायचे, मादी भागाला धक्का लागू द्यायचा नाही, आणि 'बाप' ठरवलेल्या झाडाच्या फुलाचा पराग तिथे टेकवायचा. वर दोरा बांधून चिठ्ठी लावायची. कृषी महाविद्यालयांतले पदव्युत्तर विद्यार्थी ऐन श्रावणात हे काम करताना दिसतात. हाताळलेल्या बऱ्याच कळ्या वाळून गळतात. टिकलेल्या शेंगेत दाणे मिळतात दोन किंवा तीन.

ते दाणे खरंच संकराचे आहेत, की कळीत आधीच पराग पडून गेला होता? हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. सोयाबीनमध्ये जांभळ्या फुलाचा गुण पांढऱ्यावर मात करतो. पांढऱ्या फुलाचं झाड 'आई' म्हणून घेतलं आणि जांभळ्या फुलाचं 'बाप' म्हणून, तर पुढच्या हंगामात जांभळं फुललेलं झाड खऱ्या संकराचं. पांढरं फुललं तर मेहनत वाया गेली.

सात पिढ्यांची चाळणी

खरा संकर हाती आला म्हणजे वाण झाला असं नाही. झाडाच्या प्रत्येक गुणामागे जनुकांची, म्हणजे आईबापांकडून मिळालेल्या सूचनांची, जोडी असते. आईची सूचना वेगळी आणि बापाची वेगळी असेल तर ती जोडी मिश्र. पहिल्या पिढीत जिथे आईबापांत फरक आहे तिथली प्रत्येक जोडी मिश्रच असते. त्या झाडाचं बी पेरलं की दुसऱ्या पिढीत गुण फुटून निघतात: कुठलं झाड उंच, कुठलं ठेंगू, कुठलं ९० दिवसांत पक्व होणारं, कुठलं ११० दिवसांनीही हिरवंच. असं बियाणं शेतकऱ्याला दिलं तर अर्ध्या शेतात शेंगा तडकतील आणि अर्धं शेत काढणीला आलेलं नसेल.

इथे स्वपरागीभवन कामाला येतं. झाड स्वतःचाच पराग घेत राहिलं की दर पिढीला मिश्र जोड्या निम्म्या होतात. पहिल्या पिढीत १०० टक्के, दुसरीत ५०, तिसरीत २५, चौथीत साडेबारा, पाचवीत सव्वासहा, सहावीत सुमारे ३ आणि सातवीत जेमतेम दीड टक्का. एवढ्या पिढ्या गेल्यावर ओळीतली सगळी झाडं जवळपास सारखी दिसू लागतात. दर पिढीला पैदासकार शेत पायाखाली घालतो, चांगली झाडं निवडतो आणि बाकीची सोडून देतो. हजारो झाडांतून शेवटी मोजक्या ओळी उरतात. वर्षाला एक खरीप धरला तर सहा-सात वर्षं इथंच गेली. पाण्याची सोय असेल तर उन्हाळी हंगामात जास्तीची पिढी घेऊन थोडा वेळ वाचवता येतो.

एकच वाण चार ठिकाणी का पेरतात?

महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर गेलात तर छोटे छोटे वाफे आणि त्यांवरच्या पाट्या दिसतील. नीट पाहिलं तर तोच क्रमांक तीन-चार वेळा, वेगवेगळ्या जागी आढळतो. शेतकरी मनात म्हणतो, एकदाच मोठा तुकडा पेरून मोजत का नाहीत?

कारण शेत सगळीकडे सारखं नसतं. बांधालगत ओल जास्त, मध्ये मुरूम वर आलेला, एका कोपऱ्यात मागच्या वर्षीचं शेणखत पडलेलं. नवा वाण नेमका सुपीक तुकड्यावर पडला तर श्रेय मातीचं आणि नाव वाणाचं, असा घोटाळा होईल. म्हणून प्रत्येक वाणाला शेताच्या वेगवेगळ्या भागांत जागा देतात आणि कोणता वाफा कोणाला हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतात, म्हणजे माणसाचा कल मध्ये येत नाही. वाफ्याच्या कडेच्या ओळी मोजणीतून वगळतात, कारण त्यांना उजेड आणि मोकळी जागा जास्त मिळालेली असते. शेजारीच तुल्य वाण असतो, म्हणजे शेतकरी सध्या पेरतात तो प्रचलित वाण. बातमीतले 'इतके टक्के जास्त' हे त्याच्याशी केलेल्या तुलनेचे असतात. म्हणून ती टक्केवारी वाचताना तुल्य वाण कोणता होता हेही पाहावं. तीस वर्षं जुन्या वाणाला मागे टाकणं सोपं, दोन वर्षांपूर्वीच्या वाणाला मागे टाकणं अवघड.

पुढची पायरी आणखी मोठी. सोयाबीनच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं काम इंदूरहून चालतं. तिथून निरनिराळ्या केंद्रांवर एकाच वेळी चाचण्या होतात: पहिल्या वर्षी प्राथमिक, नंतरची दोन वर्षं प्रगत. या प्रकल्पात आपलं राज्य दोन विभागांत मोडतं. विदर्भ आणि मराठवाडा मध्य विभागात, तर दक्षिण महाराष्ट्र दक्षिण विभागात. त्यामुळे एका भागासाठी शिफारस झालेला वाण दुसऱ्या भागात तसाच चालेल असं गृहीत धरता येत नाही.

जागेचा हा फरक सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात ठळक दिसतो. कृष्णाकाठच्या दमट हवेत सोयाबीनवर तांबेरा हा बुरशीजन्य रोग जोर धरतो. पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी पुटकुळ्या येतात, हात फिरवला की बोटांना भुकटी लागते आणि पानं अवेळी गळतात. जिथे रोग दरवर्षी येतो तिथेच रोगाला तोंड देणारी झाडं निवडता येतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या याच केंद्रातून फुले संगम (केडीएस ७२६) हा वाण निघाला आणि तांबेऱ्याला तुलनेने कमी बळी पडणारा म्हणून त्याचं नाव झालं.

बातमी येते तो दिवस

एवढ्या चाचण्यांतून तगलेला वाण मग कागदोपत्री प्रवासाला निघतो. चारही विद्यापीठांची संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीची बैठक दरवर्षी होते. शास्त्रज्ञ तिला 'जॉइंट ॲग्रेस्को' म्हणतात. नवे वाण, नवी अवजारं, लागवडीच्या नव्या शिफारशी तिथे मांडल्या जातात, त्यांची उलटतपासणी होते आणि मग मान्यता मिळते. आपल्या हाती पडणारी बातमी बहुतेकदा याच बैठकीनंतरची असते.

मान्यता मिळाली तरी एक दार उरतं. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार केंद्र सरकारने वाण अधिसूचित केल्याशिवाय, म्हणजे राजपत्रात त्याचं नाव आल्याशिवाय, त्याचं बियाणं 'प्रमाणित' म्हणून विकता येत नाही. पहिल्या संकरापासून इथवर यायला दहा-बारा वर्षं सहज लागतात.

एका पोत्यातून कोठार

आता मूळ प्रश्न. वाण मान्य झाला तेव्हा विद्यापीठाकडे त्याचं बियाणं असतं काही क्विंटल. त्याला पैदासकार बियाणं म्हणतात आणि त्याच्या पिशवीला सोनेरी पिवळी खूणचिठ्ठी असते. ते पेरून मिळतं पायाभूत बियाणं, त्याची खूणचिठ्ठी पांढरी. पायाभूत पेरून मिळतं प्रमाणित बियाणं, त्याची निळी. दुकानातल्या बॅगेवर आपण शोधतो ती निळी खूणचिठ्ठी.

पैदासकार बियाणं हे घरातल्या विरजणासारखं आहे. चमचाभर विरजणातून पातेलंभर दही लागतं, पण विरजण बिघडलेलं असेल तर सगळं पातेलं वाया जातं. म्हणून दर टप्प्यावर बीजोत्पादनाच्या शेताची पाहणी होते, वेगळी दिसणारी झाडं उपटून टाकतात आणि शेजारच्या दुसऱ्या वाणापासून ठरलेलं अंतर राखतात. प्रमाणित बियाण्यासाठी ही तपासणी अकोल्यात मुख्यालय असलेली राज्य बियाणे प्रमाणीकरण यंत्रणा करते. प्रत्यक्ष बीजोत्पादनात महाबीज, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि खासगी कंपन्या असतात.

हे सगळं सांभाळून बियाणं किती पटीने वाढतं? चाळणी, प्रतवारी वजा जाता सोयाबीनचा हिशेब साधारण १६ पटीने मांडतात. समजा पैदासकार बियाणं १० क्विंटल आहे. पहिल्या खरिपात त्याचं पायाभूत होतं १६० क्विंटल. दुसऱ्या खरिपात प्रमाणित होतं २,५६० क्विंटल. हेक्टरी ७५ किलो धरले तर एवढं बियाणं सुमारे ३,४०० हेक्टरांना पुरतं. राज्यातलं सोयाबीन ५० लाख हेक्टर. म्हणजे दोन हंगाम घाम गाळून तिसऱ्या खरिपात, दर हजार हेक्टरांमागे एका हेक्टरलाही ते पुरत नाही. ज्वारीचं बियाणं शंभरपट वाढतं असं धरतात आणि हेक्टरी लागतं दहा किलोच्या आसपास. त्यामुळे ज्वारीचा नवा वाण लवकर पसरू शकतो. दुकानदार मान हलवतो त्यामागे बऱ्याचदा हे साधं गणित असतं.

दाणा नाजूक, म्हणून तक्रारी फार

सोयाबीनच्या दाण्याचं वरचं आवरण फार पातळ असतं आणि अंकुर त्याच्या लगेच खाली. मळणी यंत्राचा ड्रम जास्त वेगाने फिरला, पोतं खांद्यावरून आपटलं, थप्पी फार उंच लावली, तर दाणा वरून साबूत दिसतो पण आत अंकुराला मार लागलेला असतो. म्हणूनच प्रमाणित बियाण्याची किमान उगवण क्षमता हरभऱ्याला ८५ टक्के ठेवली आहे, सोयाबीनला मात्र ७० टक्के.

पाऊस तर आणखी नुकसान करतो. २०१९ च्या ऑक्टोबरात ऐन काढणीच्या वेळी पाऊस झाला, उभ्या पिकात आणि गंजीत दाणा भिजला. पुढच्या, २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी पडला.

गोणपाटावरचे शंभर दाणे

आता दुसरी बातमी. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्यांना ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमासाठी गावात पाठवतात. मुलगे कृषिदूत, मुली कृषिकन्या. त्यांचं पहिलं प्रात्यक्षिक बहुतेकदा उगवण चाचणीचं असतं, आणि वरच्या नुकसानीवरचा सर्वात स्वस्त उपाय तोच आहे.

शेतकऱ्याच्या पोत्यातून मूठभर बियाणं काढायचं. त्यातले शंभर दाणे हाताला येतील तसे घ्यायचे. चांगले वेचून घेतले तर चाचणी फसते, कारण पेरणीच्या वेळी कोणी वेचत बसत नाही. गोणपाट धुऊन ओलं करायचं, जमिनीवर पसरायचं, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर मांडायच्या. वर दुसरं ओलं गोणपाट टाकून हलक्या हाताने गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं, पण निथळू द्यायचं. सहा-सात दिवसांनी उघडून मोजायचं. अशा तीन गुंडाळ्या केल्या तर सरासरी विश्वासाची.

मोजताना अनुभवी डोळा लागतो. मोड दिसला म्हणजे दाणा उगवला असं धरत नाहीत. मुळाचं टोक काळं पडलेलं, डाळिंब्या चिरलेल्या, बुरशीची पांढरी लव चढलेली, असे दाणे बाद. सरळ मूळ आणि धडधाकट कोंब असलेलेच मोजायचे. ७० किंवा अधिक निघाले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे ६० टक्क्यांना ३५ किलो. त्याहून कमी उगवण असेल तर ते बियाणं पेरू नये.

बीजप्रक्रियेतही क्रम महत्त्वाचा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वात शेवटी रायझोबियमसारखं जिवाणू संवर्धक. जिवाणू जिवंत असतात. त्यांना औषधाच्या ओल्या थराचा आणि उन्हाचा त्रास होतो, म्हणून ते पेरणीच्या तोंडावर लावून बियाणं सावलीत सुकवायचं. तगलेले जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देतात. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने झाड उपटून गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी दिसली तर ती काम करतेय.

विद्यार्थ्याला हे वर्गात पाठ असतं. गावात मात्र कोणीतरी काका विचारतात, "पोरा, हे सगळं खरं, पण माझं पेरणी यंत्र दाणे फोडतं त्याचं काय करू?" पुस्तकात नसलेले असे प्रश्न ऐकणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

प्रश्नांचा परतीचा रस्ता

विस्ताराचं काम एकाच दिशेने चालत नाही. कृषी विज्ञान केंद्रं निवडक शेतकऱ्यांच्या शेतावर साधारण एकेका एकरात आद्यरेषीय प्रात्यक्षिकं घेतात: बाजूला शेतकऱ्याचा नेहमीचा वाण, शेजारी नवा, माती आणि मशागत त्याचीच. जबलपूरहून १९९४ मध्ये आलेला जेएस ३३५ वर्षानुवर्षं शेतात टिकला तो सवयीमुळे आणि बियाणं कुठेही मिळतं म्हणून. असा विश्वास बातमी वाचून हलत नाही, शेजारच्या शेतातली रास मोजून हलतो.

तिथे शेतकरी जे सांगतात ते पैदासकारापर्यंत पोचतं. मजूर मिळेना, काढणी हार्वेस्टरने करावी तर खालच्या शेंगा जमिनीलगत असल्याने शेतातच राहतात, ही गावोगावची अडचण. उभट वाढणारी, जमिनीपासून वर शेंगा धरणारी झाडं निवडायला ती कारण ठरली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा एमएयूएस १६२ हा हार्वेस्टरच्या काढणीस योग्य म्हणून ओळखला जातो.

थोडक्यात

▪ संकर ते मान्यता: दहा-बारा वर्षं.
▪ मान्यतेची बातमी आली तेव्हा बियाणं काही क्विंटलच असतं.
▪ बियाण्याची साखळी: पैदासकार (पिवळी खूणचिठ्ठी), पायाभूत (पांढरी), प्रमाणित (निळी).
▪ सोयाबीनचं बियाणं एका हंगामात सुमारे १६ पट वाढतं, म्हणून शेतकऱ्यापर्यंत यायला तिसरा खरीप उजाडतो.
▪ पेरणीआधी शंभर दाण्यांची उगवण चाचणी: ७० टक्क्यांना एकरी ३० किलो, ६० टक्क्यांना ३५ किलो.

मग शेतकऱ्याने काय करावं?

नव्या वाणाची बातमी वाचली तर तीन गोष्टी विचारा: शिफारस आपल्या विभागासाठी आहे का, तुल्य वाण कोणता होता, आणि अधिसूचना निघाली का. बियाण्यासाठी दुकानावरच अवलंबून राहू नका. परभणीला १८ मे रोजी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी खरीप मेळाव्यात बियाण्याची विक्री होते, इतर विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रंही हंगामाआधी थोडंफार बियाणं देतात. एक बॅग मिळाली तरी ती वेगळ्या तुकड्यात पेरा, भेसळ झाडं उपटा, मळणी कमी वेगाने करा आणि पोती आपटू नका. सोयाबीन स्वपरागी असल्याने एकदा आणलेलं प्रमाणित बियाणं पुढची दोन-तीन वर्षं घरचं म्हणून वापरता येतं. गावातल्या पाच जणांनी असं केलं तर दुकानात बॅग येण्याआधीच तुमच्या शिवारात तो वाण पसरलेला असेल. आणि यंदा कृषिदूत गावात आले तर फोटोपुरते उभे राहू नका. आपल्या पोत्यातले शंभर दाणे घेऊन जा आणि त्यांच्याकडून मोजून घ्या.